थांबत थांबत : इतवारी, तिरोडी, सेवाग्राम, नरखेड

सोमवार : इतवारी ते रामटेक

पूर्वेकडच्या लहान गाड्यांचं नागपूर म्हणजे इतवारी. मुख्य स्टेशनची सावनेरच्या दगडात बांधलेली १९२५ सालची इमारत सगळ्यांच्या ओळखीची. पण भाजीच्या टोपल्या, तांदळाची चुंगडी आणि खांद्याला डबा लावलेली माणसं पाहायची तर इतवारीलाच यावं लागतं. पाटीवर आता ‘नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन’ असं पूर्ण नाव आहे. ऑटोवाल्याला मात्र ‘इतवारी’ म्हटलं की पुरतं.

आठवड्याची सुट्टी काढली होती. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी नागपूरहून जिकडे जाते तिकडे जायचं आणि लहान स्टेशनांवर कोण चढतं, कोण उतरतं ते बघायचं, एवढंच मनात होतं. फेब्रुवारी संपत आलेला. पहाटे स्वेटर लागतो आणि अकरा वाजता ऊन टोचतं, असे दिवस.

रामटेकची मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी, जवळपास वेळेवर सुटली. कामठीनंतर कन्हान नदीचा पूल आला. कन्हानला हावड्याकडे जाणारी मोठी लाइन सोडून गाडी डावीकडे रामटेकच्या एकेरी फाट्याला लागली. डुमरी खुर्दला माझ्या डब्यातून दोघंच उतरले, शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि तिचे आजोबा. गाडी अर्धा मिनिटही थांबली नसेल. त्या अर्ध्या मिनिटासाठी आजोबा आधीपासून दाराशी उभे होते, एक हात दांडीला आणि दुसरा नातीच्या दप्तराला.

शेजारच्या मावशी कामठीहून रामटेकला लेकीकडे चालल्या होत्या. त्यांनी तिकिटाचा विषय काढला. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ नावाने, आणि जिथे किमान भाडं दहा रुपये होतं तिथे एक्स्प्रेसचे तीस रुपये लागू लागले. ते दहावर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. “येण्याजाण्याचे साठ रुपये,” मावशी म्हणाल्या, “मंग लोकं ऑटोनंच जाऊ लागले. आता भाडं कमी झालं, पण सुटलेली सवय कुठं परत येते बाई?”

दुपारी गडावर जाऊन आले. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते. आज माकडं जास्त आणि माणसं कमी. परतीची मेमू उभीच होती. पूर्वी अशा शेवटच्या स्टेशनवर इंजिन सुटं करून, बाजूच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. मेमूला दोन्हीकडे चालकाची केबिन असते. चालक आपली पेटी उचलून फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि गाडी निघाली.

मंगळवार : तुमसर रोड, गोबरवाही, तिरोडी

हा दिवस मोठा ठरला आणि सगळ्यांत जास्त शिकवणाराही.

कन्हानपर्यंतचा रस्ता कालचाच. पुढे साळवा, चाचेर, तारसा, रेवराल, खात. एक्स्प्रेसच्या खिडकीतून ही नावं वाचायच्या आत मागे पडतात, आणि कित्येक नागपूरकरांनी ती ऐकलेलीही नसतात. गाडी थांबली की कळतं, प्रत्येक नावामागे एक बाजाराचा दिवस आहे, एक शाळा आहे, सासर-माहेर आहे. एका स्टेशनवर सत्तरीच्या पुढच्या एक आजी चढायला आल्या. लहान स्टेशनांचे काही फलाट रुळाच्या पातळीपेक्षा जरासेच उंच असतात. पूर्ण उंचीचा फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर असतो. जिथे तो नसतो तिथे डब्याची पहिली पायरी आजींच्या गुडघ्याच्याही वर येते. त्यांनी आधी गाठोडं आत ढकललं, मग काठी दिली, मग दोन्ही हातांनी दांडी धरली. आतून एका पोराने “द्या आजी हात” म्हणत ओढलं, खालून एका माणसाने कोपराला आधार दिला. आत आल्यावर आजींनी पहिल्यांदा गाठोड्याची गाठ चाचपून पाहिली, मग पदर सारखा केला आणि मगच बसल्या. गार्डने तोवर हिरवी झेंडी दाखवली नाही. त्याने शेवटच्या डब्यातून वाकून हे सगळं पाहिलं होतं. दोन मिनिटं गेली असतील. ज्या गाडीला दोन मिनिटं द्यायला परवडत नाहीत, तिच्यात या आजींना जागा नाही.

भंडारा रोड म्हणजे वरठी. भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर लांब. तुमसर रोड म्हणजे देव्हाडी. तुमसर गावाचं वेगळं ‘तुमसर टाउन’ स्टेशन पुढच्या फाट्यावर आहे. कलकत्त्याच्या दिशेने सरळ रेघ ओढत गेलेल्या मोठ्या लाइनने गावं बाजूला ठेवली आणि ‘रोड’ जोडलेली स्टेशनं दिली. गावाच्या दाराशी जायचं काम या फाट्यांनी केलं.

देव्हाडीला गाडी बदलली. तिरोडीचा फाटा बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातला आणि मॅंगनीजवर जगलेला. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी याच पट्ट्यात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची इंग्रजी कंपनी १८९६ मध्ये या धंद्यासाठी निघाली, आणि १९६२ मध्ये तिच्या जागी मॉइल आली. मॉइलचं मुख्यालय नागपुरातच आहे. माल पोचवायला रूळ पडले आणि त्यांच्यावरून माणसंही जाऊ लागली. गोबरवाहीजवळ रुळालगतची माती काळपट होत जाते. भातकापणी होऊन गेलेल्या धुऱ्यांवर पळस नुकता पेटायला लागला होता.

वाटेत एका हॉल्टवर उतरून पुढची गाडी घ्यायचं ठरवलं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एजंटाला त्रास व्हायला नको. हॉल्टला सिग्नल नसतो, स्टेशन मास्तर नसतो, लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ, नसते. असते ती फक्त पाटी, एक शेड, एक खिडकी आणि तिकिटं विकणारा हॉल्ट एजंट. तो रेल्वेचा नोकर नसतो. तिकिटं मोठ्या स्टेशनवरून आणायची, विकायची आणि विक्रीवर मिळेल ते कमिशन घ्यायचं. इथले एजंट-काका गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी सायकलवरून आले. कुलूप काढलं, खिडकीसमोरची जागा झाडली, शेडमध्ये निजलेलं कुत्रं हाकललं आणि मग खुर्चीत बसले. त्या गाडीला त्यांनी सात तिकिटं विकली.

“सात तिकिटांत काय सुटतं काका?” मी विचारलं.

“काही नाही सुटत. शेती हाय म्हणून भागते. पण खिडकी बंद दिसली तर हे स्टेशनच चालू नाही असं कोणीतरी वर लिहून धाडंल, त्याचा भेव वाटते.”

मग त्यांनी गाडीची अडचण सांगितली. तुमसरला जायला सोयीची गाडी आहे. तिकडून परतायची गाडी मात्र अशा वेळी आहे की कचेरीतलं किंवा दवाखान्यातलं काम आटोपत नाही. “जायला हाय, यायला नाही. मंग माणूस दोन्हीकडून मोटरसायकलच काढते ना.” हे वाक्य पुढे आठवडाभर माझ्याबरोबर फिरलं. गाडीची वेळ गैरसोयीची म्हणून माणसं येत नाहीत, माणसं येत नाहीत म्हणून विक्री घटते, आणि घटलेली विक्री पुढे करून थांबाच काढतात. सुरुवात वेळेपासून झाली होती हे तोवर सगळे विसरलेले असतात.

तिरोडी मध्य प्रदेशात. कित्येक दशकं इथे रूळ संपत होता. पलीकडे कटंगीलाही बालाघाटकडून आलेला रूळ तसाच संपत होता. मधला पंधरा-सोळा किलोमीटरचा तुकडा अलीकडे जोडला गेला आणि दोन आंधळ्या गल्ल्यांचा एक रस्ता झाला. चहाच्या टपरीवर लोक अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत होते. नागपूरला पोचायला रात्र झाली.

बुधवार : नागपूर ते सेवाग्राम

आज मामा बरोबर. मामा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नोकरीची बहुतेक वर्षं लहान स्टेशनांवर काढली. निवृत्तीनंतर अजनीजवळ राहतात. पॅसेंजरने फिरणार म्हटल्यावर त्यांनी आदल्या रात्रीच शिदोरीची पिशवी भरून ठेवली होती.

अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी. बुटीबोरीला एमआयडीसीतले कामगार उतरले आणि डबा निम्मा रिकामा झाला. बोरखेडीनंतर सिंदी. तान्ह्या पोळ्यासाठी नाव असलेलं हे गाव सरकारी कागदावरसुद्धा ‘सिंदी रेल्वे’ आहे. पुढे अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आणि चांदूर रेल्वेही आहेत. १८६७ मध्ये भुसावळकडून नागपूरपर्यंत आलेल्या या लाइनवरची गावं रेल्वेशी अशी नावासकट बांधली गेली.

सिंदीहून एक जोडपं चढलं. नवऱ्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, बायकोच्या हातात पाण्याची बाटली आणि चादर. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात निघाले होते. त्या डब्यात दवाखान्याच्या फायली घेतलेली माणसं आणखीही होती आणि ती एकमेकांना ओळखत होती. कुणाची तारीख कधी, कुठल्या खिडकीवर आधी नंबर लावायचा, कोणत्या ओपीडीला उशीर होतो, ही सगळी माहिती बाकावरून बाकावर जात होती. एका बाईंचे पाय सुजलेले. त्यांनी चप्पल काढून पाय समोरच्या बाकावर ठेवले आणि कुणीही काही म्हटलं नाही. एसटीत हे जमलं नसतं. खाजगी गाडीचं भाडं यातल्या कुणालाच झेपणारं नव्हतं.

सिंदीपुढच्या लहानशा तुळजापूर स्टेशनला आम्हाला लूपला घेतलं. आधी एक एक्स्प्रेस गेली, मग कोळशाची मालगाडी, मग आणखी एक एक्स्प्रेस. मामा घड्याळ न पाहता म्हणाले, “आता अर्धा तास धर.” तो अंदाज बरोबर निघाला.

“मामा, दर वेळी हिलाच का थांबवतात?”

“सेक्शन भरलेला आहे पोरी. गाड्यांचा क्रम ठरवणारा कंट्रोलर तरी काय करणार? मुंबई-हावडा इथूनच, दिल्ली-चेन्नईसुद्धा नागपूर ते सेवाग्राम इथूनच, वर कोळसा. राजधानी रोखली तर वरून फोन येतो. पॅसेंजर रोखली तर कुणाचा येतो? तिसरी-चौथी लाइन पूर्ण झाली म्हणजे श्वास घेता येईल.”

मी त्यांना हॉल्टवरच्या काकांचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग शिदोरी सोडता सोडता म्हणाले, “मोजणीतच खोट आहे. स्टेशनच्या खात्यात चढणारा धरतात, कारण तिकीट तिथे फाटतं. उतरणारा धरतच नाहीत. तुळजापूरचा पोरगा वर्ध्याला कॉलेजात आहे, त्याने महिन्याचा पास वर्ध्याच्या खिडकीवर काढला. मग कागदावर तुळजापूरला प्रवासी कुठे दिसला? आणि दिवाळीला, लग्नसराईला, पेरणीच्या आधी जी गर्दी होते ती वर्षाच्या सरासरीत विरून जाते.”

“मग मोजायचं कसं?”

“फलाटावर उभं राहून. चढले किती आणि उतरले किती, दोन्ही लिहायचं. महिनाभर. आणि ज्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली तो दिवस वेगळा काढायचा, कारण त्या दिवशी कमी माणसं आली तो दोष गावाचा नव्हे.”

मला वाटतं, थांबा काढण्याआधी एवढी मेहनत घेणं कुठल्याही खात्याला अवघड नाही. आणि थांबा ठेवण्याचा खर्चही धरावा तेवढा मोठा नसतो. मेमू पटकन वेग घेते. तिच्या थांब्याला जुन्या इंजिनाच्या गाडीइतका वेळ लागत नाही. आज आमचा अर्धा तास एकाच लूपमध्ये गेला. वाटेतल्या सगळ्या थांब्यांना मिळूनही बहुधा तेवढा वेळ लागला नसता.

सेवाग्रामला एक्स-रेवाल्या जोडप्याने घाईने जिना धरला. ओपीडीची वेळ टळते की काय ही चिंता दोघांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. आम्ही आश्रमात जाऊन आलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

गुरुवार : मोतीबाग

आज प्रवास नाही. मामांनी आग्रह केला म्हणून मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात गेलो. ते २००२ मध्ये सुरू झालं. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरची इंजिनं आणि डबे तिथे ठेवले आहेत. जे रूळ या डब्यांखाली होते ते आता उखडले गेले. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ च्या शेवटी बंद झाली. त्या मार्गावर फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रॉडगेजची गाडी आली. नागभीडची १९०८ सालची लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये गेजबदलासाठी बंद झाली. कुही, उमरेड, भिवापूर इकडच्या लोकांना तेव्हा पहिल्यांदाच रेल्वेशिवाय राहायची वेळ आली.

गेजबदल व्हायलाच हवा होता. ती छोटी गाडी फार हळू आणि फार कमी माणसं नेणारी होती. माझं म्हणणं फक्त पुढच्या वेळापत्रकाबद्दल आहे. रुंद रूळ आला की वेग येतो, आणि वेग आला की मधले थांबे खुपायला लागतात. नागभीडच्या रुंद लाइनवर टिटूर, भुयार अशा ठिकाणी सकाळी नेणारी आणि संध्याकाळी आणणारी गाडी रोज थांबली पाहिजे. ते झालं नाही तर ज्यांनी आपल्या शेताशेजारून हा रूळ जाताना पाहिला त्यांच्याच वाट्याला नुसता आवाज येईल.

शुक्रवार : काटोल, नरखेड

मध्य प्रदेशातल्या आमल्याकडची गाडी. गोधनी, भरतवाडा, कळमेश्वर, कोहळी, सोनखांब, मेटपांजरा. हा मामांचा मुलूख. प्रत्येक स्टेशन आलं की ते उठून दारात जात होते. एका ठिकाणी त्यांनी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला हाक मारून विचारलं, “विहिरीला पाणी आहे का अजून?” तो चकित झाला. “आहे साहेब, पण तुम्हाला कसं माहीत?” उत्तर द्यायच्या आत गाडी हलली.

रात्रपाळीत काय काय असायचं ते त्यांनी आज मोकळेपणाने सांगितलं. सिग्नलचे दिवे रॉकेलचे होते तेव्हा संध्याकाळी माणूस खांबावर चढून दिवा लावायचा. वारा सुटला की विझायचा, मग पुन्हा चढायचा. पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घेताना खात्रीसाठीचा प्रायव्हेट नंबर घ्यायचा, वहीत लिहायचा आणि मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. एकेरी मार्गावर टोकन मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. टोकन म्हणजे यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा. तो वेताच्या कड्याच्या चामडी खिशात घालून धावत्या गाडीच्या चालकाला द्यायचा. “कडं हातात पकडायला चुकलं की दंडाला लागायचं. महिनाभर निळं.” त्यांनी शर्टाची बाही वर केली, जणू डाग अजून दिसेल.

काटोलला संत्री चढली. मृग बहाराचा माल निघायला सुरुवात झाली आहे. पूर्वी पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमध्ये पेट्या जायच्या. आता बहुतेक माल ट्रकने जातो. तरी दोन बायका टोपल्या घेऊन डब्यात आल्या. एकीने मामांना फळ दिलं आणि पैसे घेतले नाहीत. साल जाड आणि ढिली, आतून फोडी मोकळ्या, गोडाला मागून हलकासा आंबटपणा. मामांनी बिया कागदात बांधून खिशात ठेवल्या.

कळंभ्यानंतर नरखेड. इथून अमरावतीकडे नवी लाइन फुटते, आणि तिच्यावर वरुडला जे स्टेशन आहे त्याचं नाव ‘वरुड ऑरेंज सिटी’ आहे. फलाटावर एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. त्याचं गाव अलीकडच्या एका लहान स्टेशनजवळ. मुलगा नागपुरात आयटीआयला. सकाळी गाडीने जातो. संध्याकाळी मात्र वर्ग सुटून स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी गेलेली असते. म्हणून पोरगा खोली करून राहतो आणि महिन्याचं खोलीभाडं बापाच्या डोक्यावर. “वीस मिनिटं गाडी उशिरा सोडली असती तर पोट्टं घरी जेवलं असतं,” तो म्हणाला.

मामांनी लगेच कागद काढला. गाडी कोणती, आयटीआय किती वाजता सुटतं, तिथून स्टेशन किती लांब, गावातून आणखी किती पोरं जातात, सगळं विचारून घेतलं. मग आम्ही स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेलो आणि मामांनी तक्रार व सूचना पुस्तिका मागितली. ती प्रत्येक स्टेशनवर असते आणि कुणालाही मागता येते. हे माहीत असलेले प्रवासी फार थोडे. तिथले तरुण मास्तर उठून उभे राहिले, मामांना आपली खुर्ची दिली.

मामांनी आधी कच्चा मजकूर कागदावर केला, दोनदा खोडला, मग पुस्तिकेत सावकाश उतरवला. नवी गाडी मागितली नाही, नवा थांबाही नाही. आहे ती संध्याकाळची गाडी वीस मिनिटं उशिरा सोडावी. त्याने पुढच्या गाड्यांना अडचण येते का ते कंट्रोलने तपासावं. येत असल्यास शनिवार सोडून इतर दिवशी तरी करावं. खाली शेतकऱ्याची सही घेतली, मग स्वतःची. हीच मागणी विभागाच्या प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्याकडेही द्यायला हवी, असं तरुण मास्तरांनी सुचवलं आणि बैठकीआधी महिनाभर तरी अर्ज पोचला पाहिजे हेही सांगितलं. शेतकऱ्याने पुस्तिकेच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मामांनी त्याला दुसऱ्या अर्जाचा मजकूर तोंडी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात नागपूरच्या गाडीची घोषणा झाली. मग उरलेला मजकूर फलाटावर उभं राहून मी लिहून घेतला आणि त्याच्या मुलाच्या नंबरवर पाठवून दिला.